पोराच्या डोक्यातले पांढरे केस

पोराच्या डोक्यात पहिला पांढरा केस दिसला की घरात सगळ्यात आधी कोण बोलतं? आपल्या खान्देशात तरी आजीच. "माय वं, बुढा झाला का रे पोऱ्या?" मग काका बोअरच्या पाण्याला शिव्या देतात, आई मोबाईलला. आत्या माक्याच्या तेलाची बाटली घेऊन येते. शेजारची बाई "आमच्या नणंदेच्या पोराचं अस्संच झालं होतं" म्हणत अर्धा तास बसते. सहावी-सातवीतलं ते पोरगं मात्र तोवर आरशासमोर जाऊन भांग दुसऱ्या बाजूला पाडायला शिकलेलं असतं.

मी शिक्षिका. माहेर धुळ्याचं, सासर जळगावचं, त्यामुळे दोन्हीकडचे सल्ले मला पाठ आहेत. पालकसभेत गुणांचं बोलून झालं की एखादी आई मागे रेंगाळते आणि हळूच विचारते, "मॅडम, याचे केस बघा ना. काय करावं?" बरं, ते पोरगं शेजारीच उभं असतं आणि सगळं ऐकत असतं. म्हणून म्हटलं, आज तुमच्याशीच बोलावं, मुलांना बाहेर खेळायला पाठवून.

आधी घाबरायचं किती, ते ठरवू. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येकाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या पेशी संपल्या किंवा काम करेनाशा झाल्या, की तिथून उगवणारा केस बिनरंगाचा येतो. बाहेर आलेला केस निर्जीव असतो. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने तो राठ होईल, मे महिन्यातल्या जळगावच्या उन्हाने कोरडा आणि भुरा पडेल, पण पिकणार नाही. पिकायचं की नाही ते मुळाशी ठरतं. त्याच न्यायाने वरून चोळलेलं तेल पांढरा केस काळा करू शकत नाही. माका, आवळा, जास्वंद खुशाल लावा. आजीच्या हातचं तेल लावून घेण्यात सुख आहेच, फक्त दर रविवारी पोराला उजेडात बसवून "फरक पडला का" ते बघू नका. आणि एक उपटला की दहा येतात, हेही खोटं. तरी उपटू नका. त्याच जागी पुन्हा पांढराच येतो, आणि सारखं उपटल्याने मूळ दुखावतं.

आपल्याकडे वयाच्या २५ वर्षांच्या आत केस पांढरे होऊ लागले तर त्याला अकाली म्हणतात. युरोपीय लोकांत ही रेघ २० वर्षांवर ओढतात, आफ्रिकी लोकांत ३० वर. बहुतेक वेळा कारण घरातच सापडतं. वडिलांचा कॉलेजातला फोटो काढा, मामाला विचारा. घराण्यातून आलेलं असेल तर तो आजार नाही. नाक जसं आजोबांचं येतं तसंच हे.

पण "आमच्यात आहेच ते" म्हणून विषय मिटवूही नका. कारण याच पांढऱ्या केसाच्या निमित्ताने एक गोष्ट तपासून घेता येते, जी एरवी आपण वर्षानुवर्षं तपासत नाही. बी-१२ जीवनसत्त्व.

भारतातल्या काही अभ्यासांत अकाली केस पिकलेल्या मुलांच्या रक्तात बी-१२ आणि लोहाचा साठा कमी आढळला आहे. केसांचं सोडा, बी-१२ कमी पडलं तर रक्त कमी होतं, हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो, लक्ष लागत नाही. २०१६ ते २०१८ या काळात देशभर झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या मुलामुलींपैकी ३१ टक्क्यांना बी-१२ ची कमतरता निघाली. वर्गात पुस्तकावर डोकं टेकवून बसलेल्या पोरीला आपण आळशी म्हणतो. मीही म्हणते कधीकधी. तिच्या रक्तात काय आहे ते कुणी बघितलेलं नसतं.

आता आपलं ताट बघा. कळण्याची भाकरी, त्यात ज्वारी आणि अख्खा उडीद. सोबत घुटं, भरीत, मेथी, शेंगदाण्याची चटणी. ताकदीचं जेवण आहे, कुणीही शाळामास्तरीण त्याला नावं ठेवणार नाही. पण बी-१२ धान्यात नसतं, डाळीत नसतं, भाजीत नसतं, आणि जिल्ह्याला अभिमान असलेल्या आपल्या केळीतही नसतं. ते दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं. लेवा, गुजर, वाणी, जैन, माळकरी अशा शाकाहारी घरांत सगळा भार दुधावर येतो, आणि दूध जातं चहात. एक पेलाभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम बी-१२ असतं. शाळकरी पोराला दिवसाला दोनेक लागतं. म्हणजे दोन पेले दूध किंवा तेवढं दही-ताक, रोज. तुमच्या घरातलं पोरगं एवढं घेतं का, ते मला सांगू नका, स्वतःशी मोजा.

अंडं खाऊ घाला असं मी माळकरी घराला सांगणार नाही. तो त्यांचा प्रश्न. पण औषधातलं बी-१२ जिवाणूंपासून किण्वनाने बनवतात, प्राण्यांपासून नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. कॅप्सूलच्या आवरणात जिलेटिन असू शकतं, म्हणून डॉक्टरांकडे साधी गोळी किंवा पातळ औषध मागा. शाळेत आठवड्याला मिळते ती निळी गोळी यासाठी पुरते असंही समजू नका. तिच्यात लोह आणि फॉलिक ॲसिड असतं, बी-१२ नसतं. ती बंद करायची नाही हं, लोहासाठी ती हवीच. आणि ती घेऊन घरी आलेल्या पोराला लगेच चहा देऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही.

नीटच्या तयारीला लातूरला नाहीतर कोट्याला पाठवलेल्या पोरांचं तर विचारूच नका. मेसचं पातळ वरण, रात्री चहा-टोस्ट, आणि सुट्टीत घरी आलं की आई म्हणते, "टेन्शनने केस पांढरे झाले माझ्या लेकराचे." ताणाचा संबंध अगदीच नाही असं नाही. २०२० साली हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर दाखवलं, की ताणामुळे मज्जातंतूंतून सुटणारं एक रसायन केसाच्या मुळातल्या रंगपेशींचा साठा संपवतं. पण उंदीर म्हणजे तुमचं पोरगं नव्हे. ताणाचं नाव घेऊन ताटाकडे दुर्लक्ष करणं, ही आपली जुनी पळवाट आहे.

डॉक्टरांकडे गेलात तर ते बहुधा हिमोग्लोबिनसह रक्ताची साधी तपासणी, बी-१२, लोहाचा साठा आणि थायरॉइड बघायला सांगतील. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय दोन्ही जवळ आहेत, त्वचेच्या डॉक्टरांनाच दाखवा. केसांच्या जाहिरातीतल्या क्लिनिकात आधी पैसे ओतू नका. कमतरतेमुळे केस पिकले असतील तर औषधानंतर काहींचे नवे केस काळे येतात. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, तेव्हा धीर धरावा लागेल. घराण्यातून आलेले असतील तर काळे होणार नाहीत. जो कुणी तीन महिन्यांत खात्रीने काळे करून देतो म्हणेल, त्याच्या दुकानाची पायरी चढू नका.

मात्र काही खुणा दिसल्या तर वाट पाहू नका. बाळाच्या कपाळावर जन्मतःच पांढरी बट असेल आणि डोळे निळसर असतील, तर आधी त्याचे कान तपासून घ्या. एका जन्मजात दोषात ही लक्षणं बहिरेपणासोबत येतात. आपल्याकडे अशा बटेला लक्ष्मीची खूण म्हणून कौतुक करतात आणि पोरगं तीन वर्षांचं झालं तरी बोलत नाही म्हणून मग धावाधाव. एकाच जागचे केस पांढरे आणि खालची कातडीही पांढरी असेल तर ते कोड असू शकतं. ते लागत नाही, त्यावर औषध आहे, आणि लवकर सुरू केलं तर गुण जास्त येतो. लपवण्यात वर्षं घालवू नका.

इथे शिरपूर-साक्रीकडच्या पाड्यांचा विषय काढल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सातपुड्याच्या पायथ्याला, आणि १९९८ पर्यंत धुळ्यातच असलेल्या नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुव्याकडे, लहान लेकरांचे केस तांबूस, विरळ, ओढले की हातात येतील असे दिसतात. ते पिकलेले नसतात. पोटात प्रथिनं नसली की केसाचा रंग असा उतरतो. मधे काही दिवस बरं खायला मिळालं तर एकाच केसावर काळा-तांबूस-काळा असे पट्टे दिसतात, उपाशी महिने आणि पोटभर महिने केसावर वाचता येतात. अंगणवाडीत वजन-उंची घेतात, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं. शेतावर कामाला येणाऱ्या बाईच्या काखेतलं असं लेकरू दिसलं तर तिला त्या पथकापर्यंत पोचवा. आपल्या पोराच्या चार पांढऱ्या केसांवर आपण हजार रुपयांचं तेल आणतो, म्हणून म्हटलं.

आता रंगाचं. दहावीच्या निरोप समारंभाआधी, मामाच्या लग्नाआधी, पोरांचे केस रंगवून आणायची पद्धत पडली आहे. नका करू. बहुतेक काळ्या रंगांत पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याची ॲलर्जी एकदा जडली की जन्माची. पापण्या सुजतात, कान गळतात, डोक्याची साल निघते. युरोपात अशा रंगांच्या खोक्यावर १६ वर्षांखालच्यांसाठी नाही असं छापणं सक्तीचं आहे. मोठ्यांनीही लावण्याआधी कानामागे ठिपका लावून दोन दिवस थांबावं, पण थांबतं कोण? रंगाची पुडी न्हाणीघरातल्या फळीवर ठेवू नका. पोटात गेली तर घसा सुजून श्वास कोंडतो, मूत्रपिंडं निकामी होतात. एका घोटाचं निमित्त पुरतं. तसं झालंच तर घरगुती उपाय न करता थेट मोठ्या दवाखान्यात न्या.

आणि अखाजीची मेंदी. माहेरवाशिणी आल्या, झोके बांधले, की बाजारातून काळ्या मेंदीचे कोन येतात. मेंदीचा पाला काळा रंगत नाही, केशरी रंगतो आणि मग तांबूस-तपकिरी होतो, तोही काही तासांनी. अर्ध्या तासात काळीभोर रंगणाऱ्या कोनात बहुधा तेच पीपीडी मिसळलेलं असतं. सात-आठ वर्षांच्या पोरीच्या हातावर ते लावलं, की पुढे ती मोठी होऊन केस रंगवायला बसेल तेव्हा अंगावर उठण्याची तयारी आजच करून ठेवली म्हणायची. घरचा पाला वाटा, नाहीतर साधी मेंदी आणा.

चिडवण्याबद्दल थोडंच सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. वर्गात "आजोबा" म्हणून हाक मारणाऱ्या पोरांना गप्प करणं आमचं काम, ते आम्ही करू. पण बहुतेक वेळा ते नाव शाळेत पडलेलं नसतं, घरून आलेलं असतं. लग्नाच्या पंगतीत काका सर्वांदेखत डोक्यावरून हात फिरवून म्हणतात, "अरे, तू तर माझ्याआधी म्हातारा झाला!" सगळे हसतात. पोरगंही हसतं. पुढच्या लग्नाला ते येत नाही, पोटात दुखतं म्हणतं. त्या काकांना बाजूला घेऊन बजावणं बापाचं काम आहे, आईवर टाकू नका.

सगळ्यात जास्त मला बोलायचंय ते वीस-बावीसच्या लेकींच्या आईबापांशी. परिचय मेळाव्याला बायोडाटा द्यायचा, त्यावरच्या फोटोआधी केस रंगवायचे, पाहुणे बघायला येणार म्हटलं की पुन्हा रंगवायचे. पोराच्या कानशिलावर चार पांढरे असले तर "पर्सनॅलिटी" आणि पोरीच्या भांगात दिसले तर "वय जास्त वाटतं". हा न्याय मला मान्य नाही, पण एका लेखाने तो बदलणार नाही, तेही कळतं.

एवढं मात्र ऐका. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास करत आले आहेत. त्या खेड्यांतल्या गरोदर बायांपैकी जवळपास दोन तृतीयांश जणींच्या रक्तात बी-१२ कमी होतं. ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फॉलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेणारी खूण सर्वांत जास्त दिसली. गरोदरपणात फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सगळ्यांना मिळतात, मिळायलाच हव्यात. बी-१२ कुणी बघत नाही, आणि लेक सासरी गेल्यावर तर आणखीच कुणी बघणार नाही. माहेरी आहे तोवरच ते होण्यासारखं आहे.

तेव्हा मेळाव्याचा फॉर्म भरायच्या आधी तिचं हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. कमी निघालं तर डॉक्टर सांगतील तेवढे महिने औषध पूर्ण करा, आणि घरातल्या दुधातला तिचा वाटा पोराइतकाच ठेवा. केस रंगवायचे की तसेच ठेवायचे, ते तिला ठरवू द्या.