खिळे कोणी खाल्ले?

१७६१ साली ब्रिटिश आरमाराने 'अलार्म' या शिडाच्या लाकडी युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पातळ पत्रे ठोकले. उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारे प्राणी जहाजाच्या तळाची चाळण करीत. त्यांना अटकाव करावा, हा हेतू. वेस्ट इंडीजची सफर झाल्यावर १७६३ मध्ये तळ तपासला. लाकूड शाबूत होते. पण तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे गंजून पार झिजले होते. काही थोडे खिळे मात्र धड होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले, तो कागद नेमका त्या जागी राहून गेला होता!

त्या काळी याचा उलगडा होणे कठीण होते, कारण व्होल्टाचा घट १८०० सालचा. आज तुम्ही सांगू शकाल. लोखंडाचा प्रमाण विभव −०.४४ व्होल्ट, तांब्याचा +०.३४. समुद्राच्या पाण्यात आकडे बदलतात, क्रम तोच राहतो. दोन्ही धातू एकमेकांना टेकले आणि खाऱ्या पाण्यात बुडाले, की विद्युत्‌घट तयार! लोखंडातले इलेक्ट्रॉन तांब्यात जातात, तेथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते घेतो आणि लोखंडाचे आयन पाण्यात उतरतात. कागदाने हा स्पर्शच तोडला होता. शिवाय तांब्याचा पत्रा केवढा विस्तीर्ण, खिळा एवढासा! साऱ्या प्रवाहाची किंमत त्या खिळ्याने मोजली.

१८२४ मध्ये हंफ्री डेव्ही यांनी हेच तत्त्व तांबे वाचवण्यासाठी योजले. पत्र्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले, की ते झिजतात आणि तांबे टिकते. तांबे खरोखरच टिकले. पण तळावर शेवाळ आणि बार्नॅकल यांचे थर चढून जहाजांची गती मंदावली. तांबे किंचित विरघळते, तेच या जीवांना विषासारखे बाधते. डेव्ही यांनी ते विरघळणेच थांबवले होते! मला हे अपयश यशाहून अधिक शिकवणारे वाटते.

आजच्या शिडाच्या नौकांवर पंख्याच्या दांड्याला जस्ताचा गोळा बसवतात. तो झिजला की बदलायचा. त्यावर रंग मात्र कधी द्यायचा नाही, नाहीतर त्याचा पाण्याशी संबंधच तुटेल.

घरी करून पाहा. मिठाच्या पाण्याचे तीन पेले घ्या. पॉलिश कागदाने घासलेले तीन लोखंडी खिळे त्यांत ठेवा : एक नुसता, एक तांब्याची उघडी तार घट्ट गुंडाळलेला, एक जस्ताची पट्टी गुंडाळलेला. चार दिवस रोज पाहून नोंद ठेवा. तिसऱ्या पेल्यात पांढरट साका दिसला, तर तो कशाचा असेल?