शुश्रूषेचा धडा : जलरोधक आवरण मापाचे कसे निवडावे

पुष्कळ घरांत असे एखादे वृद्ध मनुष्य असते, की जे पूर्वी प्रत्येक सभेस येत असे आणि आता येईनासे झाले आहे. कारण विचारले तर गुडघे दुखतात, डोळ्यांस दिसत नाही, असे उत्तर मिळते. खरे कारण पुष्कळदा निराळेच असते. त्यास लघवीवर ताबा राहत नाही. चारचौघांत सतरंजी ओली होईल, लोक नाकास पदर लावतील, ह्या धास्तीने ते घराचा कोपरा धरून बसते. हे दुखणे पुष्कळांस असते, पण त्याविषयी बोलणारे थोडे; म्हणून घरच्या माणसांस काय आणावे व ते कसे घालावे हे कोणी शिकवीत नाही. ह्यास्तव आम्ही हा धडा लिहीत आहो. जे गावोगाव जाऊन आजाऱ्यांस भेटतात त्यांनी तो घरच्या मंडळीस वाचून दाखवावा.

मोठ्या माणसांचे डायपर आता तालुक्याच्या औषधाच्या दुकानांतही मिळते. पुष्कळ घरी जुन्या धोतराच्या किंवा लुगड्याच्या मऊ कापडाचा लंगोट वापरतात. ह्या दोहोंवर घालावयाची जी न पाझरणारी चड्डी असते, तिला ह्या धड्यात आम्ही आवरण म्हणू. धड्याचे सार इतकेच की, ओल शोषण्याचे काम आतल्या कापडाचे आहे, आवरणाचे काम फक्त राखण करण्याचे आहे. आणि राखण घट्टपणाने होत नाही, मापाने होते.

१. आधी कारण शोधावे

लघवीवर ताबा न राहणे हे पुष्कळदा दुसऱ्या दुखण्याचे लक्षण असते. मूत्रमार्गातील जंतूंची बाधा, जुनाट बद्धकोष्ठ, मधुमेह, पुरुषांत वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, स्त्रियांत बाळंतपणानंतर सैल पडलेले ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, अर्धांगवायूचा झटका, किंवा लघवी वाढविणारी औषधे, ह्यांपैकी काहीही कारण असू शकेल. ह्यांतील कित्येकांवर उपाय आहेत. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम अमेरिकन डॉक्टर अर्नोल्ड केगेल ह्यांनी १९४८ साली प्रसिद्ध केला, तो आजही पुष्कळ स्त्रियांच्या उपयोगी पडतो. तेव्हा आवरण विकत घेण्याच्या आधी डॉक्टरांस एकदा दाखवावे. ताबा अचानक गेला व त्याबरोबर पायांतील शक्ती कमी झाली, किंवा बसण्याचा भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी इस्पितळात न्यावे. अशा वेळी विलंब केल्यास कायमचे अपंगत्व येण्याचा संभव असतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लघवी कमी व्हावी म्हणून कित्येक जण पाणी पिणेच सोडतात. असे करू नये. पाणी थोडे प्याल्याने लघवी दाट होते, मूत्राशयास टोचते, आणि घाई व दुर्गंधी ही दोन्ही वाढतात.

२. आवरण कशाचे असते

पाणी अडविणारे कापड ही जुनी युक्ती आहे. १८२३ साली स्कॉटलंडातील चार्ल्स मॅकिन्टॉश ह्याने नाफ्त्यात विरघळविलेले रबर दोन कापडांच्या मध्ये चिकटवून जलरोधक कापडाचा हक्क मिळविला. ते कापड उन्हाळ्यात चिकट व थंडीत ताठ होत असे. पुढे रबरात गंधक मिसळून उष्णता देण्याची चार्ल्स गुडइयर ह्याची रीत आली, तिचा अमेरिकन हक्क १८४४ सालचा आहे, आणि तेव्हापासून हा दोष पुष्कळ कमी झाला. आपल्याकडील इस्पितळांत बिछान्यावर घालावयाच्या रबरी कापडास परिचारिका अजून मॅकिन्टॉशच म्हणतात. ह्यानंतरची मोठी सुधारणा एका आईने केली. लहान मुलांच्या रबरी चड्ड्यांनी कातडी सोलत असे, हे पाहून अमेरिकेतील मॅरियन डोनोव्हन ह्या बाईंनी १९४६ साली न्हाणीघराचा पडदा कापून लंगोटावरचे आवरण शिवले. नंतर त्यांनी ते पॅराशूटच्या नायलॉनचे केले व सेफ्टी पिनांच्या जागी टिचबटणे लावली. १९४९ साली ते न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात विक्रीस आले आणि १९५१ साली त्यास सरकारी हक्क मिळाला. पाणी अडावे, पण अंग आवळू नये, हा त्यांचा विचार आजही खरा आहे.

आज बहुधा तीन प्रकारची आवरणे मिळतात. पहिले रबराचे. ते चांगले ताणते. पण कित्येकांच्या कातडीस रबर सोसत नाही, आणि खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लागल्यास ते लवकर खराब होते. दुसरे प्लास्टिकचे. ते स्वस्त व पुसावयास सोपे; पण उन्हाळ्यात आत घाम साचतो, हालचाल करताना त्याचा आवाज होतो, आणि काही काळाने ते ताठ होऊन चिरते. तिसरे कापडाच्या आतील बाजूस पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेले. ते मऊ असते, आवाज करीत नाही व पुष्कळ वेळा धुता येते. किंमत मात्र अधिक पडते. दिवसा चारचौघांत बसावयाचे असेल तर हे तिसरे बरे.

पॉलिथिनची पिशवी कापून बांधण्याची चाल काही घरी आहे. ती सोडून द्यावी. पिशवी ताणत नाही, घसरते व काठ कापतात. शिवाय ज्या वृद्धास भान राहत नाही त्याच्या हाती पिशवी लागणे धोक्याचे आहे.

जे उभे राहू शकतात त्यांस चड्डीसारखे ओढून घालावयाचे आवरण सोयीचे. जे अंथरुणास खिळले आहेत त्यांस दोन्ही बाजूंनी उघडणारे, टिचबटणांचे किंवा वेल्क्रोचे घ्यावे. म्हणजे रोग्यास फक्त कुशीवर वळवून ते बदलता येते, आणि बदलणाऱ्याची कंबरही वाचते.

३. माप कसे घ्यावे

शिंप्याची टेप घ्यावी. रोग्यास उभे करावे. ते शक्य नसल्यास उताणे निजवून टेप पाठीखालून सरकवावी. चार मापे घेऊन कागदावर लिहून ठेवावी. पहिले, कंबर : नाभीच्या किंचित खाली, जेथे आवरणाचा काठ येईल तेथे. दुसरे, नितंब : जेथे घेर सर्वांत मोठा तेथे. तिसरे, मांडी : जांघेच्या अगदी लगत. चौथे, उंची : पुढच्या कमरेपासून दोन पायांमधून मागच्या कमरेपर्यंत. पायांस सूज येत असेल तर माप संध्याकाळी घ्यावे. रात्री जाड लंगोट घालावयाचा असेल तर त्यावरूनही एकदा माप घेऊन पाहावे.

वजन किंवा वय सांगून आवरण मागू नये, आणि नेहमीच्या चड्डीचा आकडाही सांगू नये. एका कंपनीचे मध्यम माप दुसरीच्या मोठ्या मापाइतके असू शकते. म्हणून पाकिटावरील तक्ता वाचावा. तक्ता सेंटिमीटरांत असेल तर इंचांस २.५४ ने गुणावे. उदाहरणार्थ, एका बाईंची कंबर ३४ इंच व नितंब ४० इंच आहेत. म्हणजे सुमारे ८६ व १०२ सेंटिमीटर. समजा, पाकिटावर मध्यम माप ७५ ते ९५ व मोठे ९५ ते ११५ असे लिहिले आहे. कमरेकडे पाहिले तर मध्यम पुरेसे दिसते; पण नितंब त्यात मावत नाहीत. अशा वेळी दोहोंतील मोठा आकडा धरावा व मोठे आवरण घ्यावे. उलट, एखाद्या आजोबांचे पोट मोठे व मांड्या वाळलेल्या असतात. त्यांस कमरेच्या मापाचे ओढून घालावयाचे आवरण दिले तर मांडीपाशी फट राहते आणि सर्व लघवी तेथून गळते. त्यांस कमरेला व मांडीला निरनिराळे घट्ट-सैल करता येईल असे टिचबटणांचे आवरण पाहिजे.

पहिल्या खेपेस एकच नग आणावा. तो ठीक बसला म्हणजे आणखी घ्यावे. आजारात अंग झडते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी मापे पुन्हा घ्यावी.

४. घालून पारख

आवरण घातल्यावर चार ठिकाणे तपासावी. कमरेच्या इलॅस्टिकखाली दोन बोटे सहज जावी. मांडीचा काठ कातडीस सर्व बाजूंनी टेकावा, पण रुतू नये. आतील कापडाचा किंवा डायपरचा काठ कोठेही बाहेर दिसू नये. कारण दिव्याची वात जसे तेल ओढते तसे ते चिमूटभर बाहेर आलेले कापड सर्व ओल ओढून धोतरास किंवा लुगड्यास देते. चौथे, दोन पायांमधील भागी थोडी मोकळी जागा राहावी. डायपरमध्ये ओल शोषून फुगणारे कण असतात. आवरण आवळल्यास त्यांस फुगावयास जागा मिळत नाही, आणि बसताच शोषलेले पाणीसुद्धा पिळून बाहेर येते. म्हणूनच जे गळते ते अधिक आवळावे हा सर्वसाधारण समज चुकीचा आहे. रोग्यास उभे, बसलेले व कुशीवर निजलेले, अशा तिन्ही स्थितींत ही तपासणी करावी.

तरीही गळले, तर कोठून गळले हे पाहावे; ती जागाच कारण सांगते. मांडीपाशी गळले आणि डायपर बरेचसे कोरडे असेल, तर काठाशी फट आहे किंवा आत घडी पडली आहे. पुरुषाच्या पुढच्या कमरेपाशी गळले, तर मूत्रेंद्रिय वरच्या दिशेस राहिले असेल. घालताना ते खाली वळवावे. उताणे निजणाऱ्याच्या पाठीमागे गळले, तर डायपर थोडे मागे सरकवून घालावे. डायपर सर्वच चिंब झाले असेल, तर दोष आवरणाचा नव्हे. ते अधिक वेळा बदलावे किंवा अधिक शोषणारे घ्यावे. एकावर एक दोन डायपरे घालून उपयोग नाही, कारण आतल्याची पाठ प्लास्टिकची असते व ती ओल पलीकडे जाऊ देत नाही.

५. कातडीची राखण

जे पाणी बाहेर जाऊ देत नाही ते वाराही आत फारसा येऊ देत नाही. म्हणून आवरण घातल्याने बदलण्याची वेळ लांबणीवर टाकता येत नाही. शौच झाले तर तत्काळ बदलावे. मल व मूत्र एकत्र झाले म्हणजे कातडी फार लवकर सोलते. कोमट पाण्याने हलके धुवावे, घासू नये, मऊ कापडाने टिपून कोरडे करावे, आणि झिंक ऑक्साइडचे मलम किंवा व्हॅसलिन अगदी पातळ लावावे. जाड लावल्यास ते डायपरला लागून त्याची शोषणशक्ती कमी करते. घरी परके कोणी नसताना रोज काही वेळ आवरण काढून अंगास वारा लागू द्यावा.

काठाखाली लाल चट्टा दिसल्यास बोटाने दाबून पाहावे. दाबल्यावरही लाली जात नसेल तर ती व्रणाची सुरुवात समजावी. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तेथे रंग गडद होणे, तो भाग ऊन किंवा कठीण लागणे ही खूण आहे. असे दिसताच ते आवरण बंद करून डॉक्टरांस किंवा परिचारिकेस दाखवावे.

६. धुणे व ठेवणे

किमान तीन आवरणे असावी : एक अंगावर, एक वाळत, एक तयार. कोकणात पावसाळ्यात दोरीवरचे कपडे दिवसेंदिवस दमट राहतात; तेथे आणखी एक जास्त असावे. आधी थंड पाण्यात खळबळावे, मग साध्या साबणाने धुवावे. ब्लीचिंग पावडर घालू नये, दगडावर आपटू नये, पिळू नये, इस्त्री करू नये व कडक उन्हात ठेवू नये. सावलीत वाऱ्यावर वाळवावे. टाचणी किंवा सेफ्टी पिन आवरणातून कधीही टोचू नये. गावच्या शिंप्याकडून दुरुस्ती करविल्यास सुईच्या भोकांतून पाणी झिरपते हे ध्यानात ठेवावे. शंका आल्यास आवरणात तांब्याभर पाणी ओतून थोडा वेळ टांगावे. थेंब पडला तर ते बाद करावे.

७. बोलण्याची रीत

शेवटी, मापाइतकेच महत्त्व शब्दांस आहे. ज्या आईने आपली दुपटी धुतली तिला "पुन्हा भरवलेस का?" असे विचारू नये. दार लावून, चादर धरून, "आई, आता कपडा बदलू या का?" असे विचारावे, आणि तिने होय म्हटल्यावरच हात लावावा. शक्य तेथे स्त्रीचे काम स्त्रीने व पुरुषाचे पुरुषाने करावे. शेजाऱ्यांपाशी ही गोष्ट बोलू नये. ठीक बसलेले आवरण लुगड्याखाली किंवा धोतराखाली कोणास दिसत नाही; ते घालून जे आजोबा तासभर निर्धास्त बसू शकतात त्यांस सभेस आणावे, काठाची जागा द्यावी, व न्हाणीघर कोठे आहे ते आधीच दाखवून ठेवावे.

विचारावयाचे प्रश्न

१. ओल शोषण्याचे काम कोणाचे व अडविण्याचे कोणाचे?
२. कोणती चार मापे घ्यावी? कंबर व नितंब ह्यांत फरक असल्यास कोणता आकडा धरावा?
३. आवरण फार आवळल्याने अधिक का गळते?
४. गळतीची जागा पाहून कारण कसे ओळखावे?
५. कोणती लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे?
६. आपल्या गावात असे कोणी घरी बसून राहिले आहे काय, आणि त्यास भेटावयास कोण जाईल?