वजन उतरलं, पण कशाचं?

पाळी जाऊन बरीच वर्षं झाल्यावर मला थायरॉइड निघाला. कमी नाही, वाढलेला, ग्रेव्हज डिसीज. आपल्याकडे थायरॉइड म्हटलं की बाई जाड होणार हेच डोक्यात. मी बारीक होत होते, त्यामुळे ‘काय डाएट करतेस गं?’ एवढंच कानावर यायचं.

१. काट्यावरचा आकडा काय गेलं ते सांगत नाही. थायरॉइडचं हॉर्मोन जास्त झालं की चूल अशी भडकते की सरपणासोबत बसायचे पाटही आत जातात. चरबी वितळते आणि स्नायूंमधली प्रथिनंही मोडतात. पाळी गेल्यावर स्नायू तसेही घटत असतात, त्यात ही भर. माझं पोट थोडं कमी झालं, दंड आणि मांड्या मात्र लोंबायला लागल्या.

२. पहिली तक्रार मांड्या करतात. या आजारात खांदे आणि कमरेजवळचे मोठे स्नायू आधी दुबळे होतात. भजनी मंडळात सतरंजीवरून उठताना मी आधी तळवा जमिनीवर टेकायची, मग गुडघ्यावर, मग मांडीवर, अशी स्वतःच्याच अंगावर चढत उभी राहायची. माळ्यावरचा डबा काढताना हात वर टिकत नसे. पोळ्या मात्र झकास लाटत होते, म्हणून कुणाला शंका येईना. दुखत काहीच नव्हतं. दुखणं नाही म्हणजे आजार नाही, हा आपला हिशेब इथे चालत नाही.

३. घाम, धडधड, उडालेली झोप, चिडचिड हे सगळं मेनोपॉजच्या खात्यावर टाकायची सवय आहे. भूक चांगली असून वजन उतरत असेल तर रक्तातला टीएसएच तपासा. माझा जवळजवळ शून्य होता, टी३ आणि टी४ चढलेले. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा. त्याने रिपोर्ट फसवा येऊ शकतो.

४. थायरॉइड कमी म्हणून गोळी घेणाऱ्या बायकांनाही हे लागू आहे. डोस जास्त झाला तर परिणाम तेच. वजन उतरावं म्हणून मनानेच गोळी वाढवणारी एक बाई आमच्या नात्यात आहे. तिला मी फोनवर चांगलीच झापली.

५. हाडं आणि हृदय. इस्ट्रोजेनचा आधार गेलेला, त्यात वाढलेल्या थायरॉइडने हाडांची झीज वाढते आणि नाडी अनियमित होण्याचा धोका असतो. मी हाडांची डेक्सा तपासणी आणि ईसीजी करून घेतला.

६. औषधाने वजन परत येतं. चरबी न बोलावता येते, स्नायूंना आमंत्रण लागतं. नाडी ताब्यात आल्यावर डॉक्टरांना विचारूनच मी खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा सराव सुरू केला. जोडीला रोज दही, उसळ, अंडं. ताकद यायला काही महिने गेले.

७. वाढलेला थायरॉइड उतरवणारी कार्बिमाझोलची गोळी चालू असताना ताप आला किंवा घसा दुखला तर काढा पीत बसू नका. क्वचित, पण या औषधाने पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरतात. गोळी थांबवा, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि रक्त तपासून घ्या.