तारखेला जाताना

अगं, साडीची काळजी आधी सोड. कोर्टाचा गणवेश वकिलांना असतो; पक्षकारानं काय नेसावं याचा कायदा नाही. उन्हाळ्यात तर जिल्हा न्यायालयात वकिलांनाही काळ्या कोटाची सक्ती नसते. तू आपली रोजची सुती साडी नीट इस्त्री करून नेस आणि पदराला पिन लाव, म्हणजे साक्ष देताना तो सावरत बसायला नको. मंगळसूत्र घालायचं की नाही, तुझं तू ठरव. पण पोटगी मागायचीय म्हणून मुद्दाम विटकी साडी नेसू नकोस. तसं सांगणारं कुणीतरी भेटेलच, ऐकू नकोस. गरीब दिसलं तरच पोटगी मिळते, असं थोडंच आहे?

कोर्ट सुरू होण्याआधी अर्धा तास पोच, बोर्डावर आपला नंबर बघ आणि दारापासून लांब जाऊ नकोस. पुकारा व्हायचा तेव्हाच नेमकं माणूस चहाला गेलेलं असतं. मोबाईल बंद. साहेब आले की उभी राहा. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका दाराशी चपला काढतात, त्याची गरज नाही. व्हरांड्यात सासरचे काही बोलले तर उत्तर देऊ नकोस, वकिलांशेजारी जाऊन बस.

आता खरं महत्त्वाचं. सिनेमातल्यासारखी गीता समोर येणार नाही. ईश्वराची शपथ घे, नाहीतर गांभीर्यानं प्रतिज्ञा कर; १९६९च्या शपथ कायद्यात दोन्ही चालतं. उलटतपासात वकील तुला चिडवायला बघतील. प्रश्न पूर्ण ऐक, उत्तर न्यायाधीशांकडे बघून दे, 'साहेब' किंवा 'मॅडम' म्हण. आठवत नसेल तर 'आठवत नाही' एवढंच. प्रश्न अब्रूवर आला तर थांब आणि साहेबांकडे बघ; नुसते अपमान करायला विचारलेले प्रश्न ते थांबवू शकतात. रडू आलं तर पाणी माग, त्यात कमीपणा नाही गं.

आणि वकिलाच्या फीसाठी बांगड्या मोडू नकोस. बाईला उत्पन्न कितीही असो, १९८७च्या कायद्यानं मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज कर, मी येते सोबत.

साक्ष टाईप झाली की समोर कागद येईल. घाई करतील, तरी पूर्ण वाच. तू बोललीस त्याहून वेगळं लिहिलं असेल तर तिथंच सांग, आणि मगच सही कर.