लेपाचे ताठ चामडे आणि बॅगकाम : एक अभ्यासपाठ

स्मरणिकेत चामड्याच्या कामाचा पाठ पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हे आम्ही जाणतो. मेलेली गुरे ओढण्याचे काम ज्या समाजावर जन्माने लादले गेले, त्याने ते बाबासाहेबांच्या प्रेरणेने नाकारले. परंतु बाबासाहेबांचा लढा सक्तीविरुद्ध होता. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतनासंबंधी विधेयक मांडले, ते पिढीजात वेठीतून माणूस सोडविण्यासाठी. स्वतः निवडलेली, शिकून घेतलेली व स्वतः मोल ठरविलेली कारागिरी ही वेठ नव्हे. विनयपिटकाच्या महावग्गात ‘चम्मक्खन्धक’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. चंक्रमण करताना सोण स्थविरांचे पाय रक्तबंबाळ झाले, तेव्हा भगवंतांनी भिक्खूंना एकपदरी वहाणांची अनुज्ञा दिली. याच प्रकरणात कातड्यासाठी वासरू मारविण्याचा निषेधही आहे. हा विवेक मनाशी ठेवून आपण विषयाकडे वळू.

विश्रामबाग, मिरज, सांगली हा आपला परिसर कोल्हापुरी चपलेच्या मुलखात मोडतो. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात सांगली व सातारा हे दोन्ही जिल्हे आहेत. हे चामडे बाभळीची साल व हिरडा वापरून कमावलेले असते. ते पाणी पिते, ओले केले की नरम पडते, ठोकले की आकार घेते. बॅगेसाठी बाजारात मिळणारे चकचकीत ताठ चामडे मात्र बहुधा क्रोमने कमावलेले व वरून रंगाचा आणि प्लास्टिकसारख्या द्रव्याचा लेप दिलेले असते. चपलेवर बसलेला हात येथे फसतो. या चामड्याच्या दर्शनी बाजूत पाणी मुरत नाही आणि एकदा पडलेले छिद्र पुन्हा बुजत नाही. म्हणून येथे एकच सूत्र आहे : आधी ठरवावे, मग हात लावावा.

पहिली गोष्ट, परीक्षा. खरेदीपूर्वी एक कोपरा लेप बाहेर ठेवून पूर्ण दुमडावा. घडीवर पांढऱ्या रेषा किंवा तडे दिसले, तर ते चामडे दुमडीच्या बॅगेला निरुपयोगी समजावे. सपाट तुकड्यांच्या बॅगेला ते चालू शकेल.

दुसरी गोष्ट, आराखडा. कापडी पिशवी उलटी शिवून मग सुलटी करतात. ताठ चामडे तसे उलटू नये, कारण उलटताना कोपऱ्यांवर लेप फुटतो. तुकड्यांच्या कडा बाहेर ठेवूनच शिवावे व कडेला रंग किंवा पट्टी द्यावी. तळाचे कोपरे काटकोनी न ठेवता वाटीच्या तोंडाएवढे गोल घ्यावेत.

तिसरी गोष्ट, कापणी. पाठीकडचा भाग घट्ट असतो, पोटाकडचा ताणतो. पट्टा व दर्शनी तुकडे पाठीतून, कण्याच्या दिशेने कापावेत. पोटाचा भाग आतल्या खिशाला वापरावा.

चौथी गोष्ट, तासणे. जेथे दुमड किंवा जोड येणार, तेथे आतल्या बाजूने रापीने तासून जाडी सुमारे निम्मी करावी. लेपाच्या बाजूला रापी लावू नये.

पाचवी गोष्ट, चिकटविणे. लेपावर रबर सोल्यूशन धरत नाही. जोडाखाली झाकली जाणारी पट्टी काचकागदाने खरवडावी, दोन्ही बाजूंना सोल्यूशन लावावे, बोटाला चिकटेनासे झाल्यावर जोडून दाबावे. टाचण्या लावू नयेत. कपड्याचे चिमटे कापडाचा तुकडा मध्ये घालून लावावेत.

सहावी गोष्ट, शिलाई. चामड्याची धारदार टोकाची सुई घ्यावी. इंचाला सहा-सात टाके पुरेत. टाके दाट घातले तर पोस्टाच्या तिकिटासारखी छिद्रांची रेषा तयार होऊन चामडे तेथेच फाटते. शेवटी मागेपुढे शिवून टाका पक्का करू नये. दोरे आतल्या बाजूस ओढून गाठ मारावी. लेप मशीनच्या पायाला चिकटत असेल तर टेफ्लॉनचा पाय बसवावा.

आता हिशेब. १४ बाय १० इंचाचे दोन तुकडे, ३४ बाय ४ ची बगलपट्टी, १४ बाय ९ चे झाकण व ४५ बाय २ चा पट्टा मिळून ६३२ चौरस इंच, म्हणजे सुमारे ४.४ चौरस फूट होतात. नुकसानीचे चौथाई धरले तर साडेपाच चौरस फूट चामडे लागते. त्यात अस्तर, चेन, बक्कल, दोरा व सोल्यूशन मिळवावे आणि मग स्वतःच्या तासांची मजुरी लिहावी. अनेक कारागीर हा शेवटचा आकडा लिहीतच नाहीत व गिऱ्हाईक सांगेल त्या भावाला माल देतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या श्रमाला मोल नव्हते, त्यांच्या नातवंडांनी तरी ही ओळ कोरी सोडू नये. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडे वा बँकेकडे कर्जाची चौकशी करतानाही हाच कागद उपयोगी पडेल.

भगवंतांनी उपासकाला शस्त्र, प्राणी, मांस, मद्य व विष या पाच व्यापारांपासून दूर राहण्यास सांगितले. चर्मकाम त्यात नाही. खरा माल, योग्य भाव आणि स्वच्छ हिशेब असेल, तर ती सम्यक आजीविकाच होय. आपल्या भागातील तरुण-तरुणींनी प्रथम रद्दी पुठ्ठ्याची बॅग करून पाहावी, नंतर चामड्याच्या कातरणांवर टाका बसवावा आणि मगच अखंड चामड्याला रापी लावावी, एवढीच आमची विनंती.

जय भीम!