पाठीवरच्या सॅकमध्ये काय हवं?

ऑगस्टच्या सुरुवातीला मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ बाहेर रात्री उभं राहिलं, की निम्मा महाराष्ट्र भेटतो. सांगली, लातूर, जळगावहून गाड्या करून आलेली कुटुंबं, ट्रॉलीवर तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, आणि काट्यावर किलोभर जास्त भरलं म्हणून तिथेच फरशीवर उघडलेली एखादी बॅग. आईचा, मावशीचा सगळा जीव त्या दोन बॅगांत असतो. पाठीवरची सॅक मात्र शेवटच्या तासात, उरलंसुरलं कोंबून भरली जाते. खरं तर सर्वांत आधी आणि सर्वांत विचार करून भरायची ती सॅकच.

अमेरिकेत एमएस करायला निघालेल्या सांगलीच्या एका विद्यार्थिनीला हे चांगलंच उमगलं. युरोपात विमान बदलून शिकागो, तिथून छोट्या विमानाने विद्यापीठाचं गाव. शिकागोत मध्ये दोन तास होते आणि तिकीट काढताना ते भरपूर वाटले होते. पण अमेरिकेत पहिलं पाऊल जिथे पडतं, तिथेच इमिग्रेशन होतं. सामान शेवटच्या गावापर्यंत लावलेलं असलं तरी साधारणपणे तिथे पट्ट्यावरून उतरवून घ्यावं लागतं, कस्टम्समधून न्यावं लागतं, पुन्हा जमा करावं लागतं आणि मग स्वतःची नव्याने सुरक्षा तपासणी. (अबू धाबी, डब्लिन अशा मोजक्या विमानतळांवर अमेरिकेचं इमिग्रेशन निघण्यापूर्वीच उरकतं, हा मोठा दिलासा.) रांगेतच वेळ सरला. पुढचं विमान गेलं आणि एक बॅग पट्ट्यावर आलीच नाही.

रात्र विमानतळावरच काढावी लागली. सॅकमध्ये कपड्यांचा एक जोड होता, रोजच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह होत्या, आणि राहण्याचा पत्ता व विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचा नंबर चक्क कागदावर लिहिलेला होता. “वायफायला ओटीपी लागत होता आणि तो माझ्या बंद पडलेल्या भारतातल्या सिमवर येणार होता. त्या कागदावरचा नंबर मी शेजारच्या बाईंच्या फोनवरून लावला,” असं ती सांगते.

आणखी एक गोष्ट कामाला आली. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर होता, त्यामुळे सकाळच्या विमानात जादा पैसे न देता जागा मिळाली. स्वस्त पडतं म्हणून शेवटचा टप्पा वेगळ्या तिकिटावर काढला असता, तर ते तिकीट बहुधा बुडालं असतं. एजंटला हे स्पष्ट विचारूनच तिकीट घ्यावं, आणि पहिल्या अमेरिकी विमानतळावर किमान तीन-चार तास हाताशी ठेवावेत.

त्याच विमानातल्या लातूरच्या एका मुलाची आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म) मोठ्या बॅगेत राहिली होती. त्याला वेगळ्या खोलीत बसवून चौकशी झाली. अशा वेळी अधिकारी आय-५१५ए हा फॉर्म देऊन ३० दिवसांपुरता प्रवेश देऊ शकतो आणि तेवढ्या मुदतीत कागद पाठवावे लागतात. पण तो प्रवेश नाकारूही शकतो. म्हणून पासपोर्ट, स्वतःची सही केलेली आय-२०, सेविस शुल्काची पावती, प्रवेशपत्र आणि बँकेचे कागद सॅकमध्येच हवेत. शिवाय एफ-१ व्हिसावर आय-२० वरच्या सुरुवातीच्या तारखेच्या ३० दिवसांहून आधी देशात शिरता येत नाही, हे तिकिटाची तारीख ठरवतानाच पाहावं.

सामान माणसापासून वेगळं पडलं की काय गमवावं लागतं, याचं फार मोठं उदाहरण आपल्याकडे आहे. १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून मुंबईला परतले, तेव्हा त्यांचा ग्रंथसंग्रह दुसऱ्या जहाजाने निघाला होता. महायुद्धात ते जहाज पाणबुडीच्या हल्ल्यात बुडालं आणि पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकं गेली.

खाण्याच्या वस्तूंबद्दल घरोघरी गैरसमज आहेत. सुकं खोबरं तेलकट असल्याने आपोआप पेट घेऊ शकतं, म्हणून ते विमानातल्या धोकादायक मालात मोडतं; अख्ख्या वाट्या बॅगेत घालूच नयेत. मेतकूट, गोडा मसाला, चटण्या मोठ्या बॅगेत टाकाव्यात, कारण अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या सामानात ३५० मिलिलिटरहून जास्त पूड असेल तर तपासणीत अडू शकते. ताजा कढीपत्ता नेऊ नये. तो लिंबाच्या कुळातला आहे, आणि त्यावरच्या किडीमुळे संत्र्या-लिंबांच्या बागांना रोग लागतो म्हणून तिथे त्याला बंदी आहे. अन्नपदार्थ काय नेलेत ते कस्टम्सला विचारण्याआधीच सांगावं. दंड होतो तो लपवल्याबद्दल. पॉवर बँक मात्र नेमकी उलट, फक्त सॅकमध्येच.

बॅग आली नाही, तर विमानतळ सोडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. माँट्रियल कराराखाली बॅगेपोटी भरपाईची कमाल मर्यादा १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे ढोबळमानाने दोन हजार डॉलर. मोडतोडीची तक्रार ७ दिवसांत, आणि उशिरा आलेल्या बॅगेची ती हाती आल्यापासून २१ दिवसांत लेखी द्यावी लागते. दरम्यान घेतलेल्या टूथब्रशपासून जॅकेटपर्यंत प्रत्येक वस्तूची पावती जपावी.

खोलीवर पोचल्यावर झोपेआधी आई-बाबांना फोन करावा. मग सरकारी संकेतस्थळावर आपली आय-९४ ची, म्हणजे देशातल्या प्रवेशाची, नोंद उघडून नाव, जन्मतारीख आणि एफ-१ हा दर्जा बरोबर आहे का ते तपासावं. चूक असेल तर पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात जाऊन विचारावं. हजेरीची नोंद करायला तिथे जायचं असतंच.