मुखत्यारपत्र आहे ना, मग काळजी कसली?

आमचे थोरले काका सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना चालवायचे. जागा, वीजमीटर, बँकेतलं चालू खातं, सगळं त्यांच्या एकट्याच्या नावावर. साठी उलटल्यावर त्यांनी थोरल्या मुलाला कुलमुखत्यारपत्र करून दिलं, तेही दुय्यम निबंधकाकडे रीतसर नोंदवून. उद्या आपलं काही बरंवाईट झालं तरी माग थांबायचे नाहीत, या भरवशावर ते निर्धास्त झाले.

पुढे मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला, पण माणसं ओळखेनात. कामगारांचा पगार तोंडावर आला होता, सुताच्या व्यापाऱ्याचे फोन सुरू झाले होते. चुलतभाऊ मुखत्यारपत्र घेऊन बँकेत गेला आणि काकांची अवस्था त्याने खरीखुरी सांगितली. साहेबांनी कागद शेवटच्या पानापर्यंत वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, “काका भानावर असते तर हा चालला असता.” भाऊ चक्रावला. काका भानावर असते तर कागद घेऊन आलोच कशाला असतो?

पण साहेब कायद्याचंच बोलत होते. भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 201 सांगतं की मुखत्यारपत्र देणारा वारला किंवा त्याची मानसिक क्षमता गेली, की मुखत्याराचा अधिकार संपतो. इंग्लंडमध्ये 2005 च्या कायद्याने क्षमता गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं. आपल्याकडे ती सोय नाही. नॉमिनी आणि मृत्युपत्र कामाला येतात ते माणूस गेल्यावर. 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाला मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमता येत होता. त्याच्या जागी आलेल्या 2017 च्या कायद्यात ती तरतूद राहिली नाही. त्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरताच.

उरतं उच्च न्यायालय. ऑगस्ट 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोमातल्या एका गृहस्थाच्या पत्नीला त्याची पालक नेमलं. आम्हालाही त्याच वाटेने जावं लागलं: डॉक्टरांचे अहवाल, मालमत्तेची यादी, सगळ्या वारसांची प्रतिज्ञापत्रं आणि मुंबईच्या खेपा. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्याने सोलापूरकरांचं अंतर कमी झालं, पण कागदपत्रं तेवढीच लागतात. आणि तोवर माग उभेच राहतात.

म्हणून हातीपायी धड असतानाच काही गोष्टी उरकून घ्याव्यात.

घरखर्चाचं आणि औषधपाण्याचं खातं जोडीदाराबरोबर किंवा मुलाबरोबर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ करा. एफडीच्या पावत्या काढून बघा. त्यावर ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ असेल, तर पहिलं नाव असलेला माणूस हयात असेपर्यंत दुसऱ्याला त्या पैशाला हात लावता येत नाही. मात्र ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ खात्यातली सगळी रक्कम कोणीही एकजण काढू शकतो. तेव्हा त्यात वर्षभराच्या खर्चापुरतंच ठेवा.

धंदा एकट्याच्या नावावर असेल तर मुलाला किंवा मुलीला भागीदार करून घ्या आणि बँकेत दोघांपैकी कोणाही एकाची सही चालेल असं लिहून द्या. एका भागीदाराची मानसिक क्षमता गेली म्हणून भागीदारी आपोआप मोडत नाही. इस्टेट मोठी असेल किंवा मुलं परगावी असतील, तर 1882 च्या कायद्याखाली खाजगी ट्रस्ट करता येतो. त्याला वकील आणि सीए दोघेही हवेत.

डोकं शाबूत आहे, फक्त सही होत नाही, असं असेल तर घाबरून बक्षीसपत्र करू नका. दोन साक्षीदारांसमक्ष हाताचा किंवा पायाचा अंगठा बँक स्वीकारते. त्यातला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. अशा वेळी मुखत्यारपत्रही चालतं, म्हणून ते रद्दीत टाकू नका.

“एटीएमचा पिन ठाऊक आहे की,” असं पुष्कळ घरांत म्हणतात. तो अधिकार नव्हे. आज निभावतं, पण उद्या भावंडांत हिशेब निघाला की पैसे काढणाऱ्याकडे दाखवायला कागद नसतो.

माणूस निवडताना नुसता जीव लावणारा बघू नका. हिशेब लिहिणारा, पावत्या जपणारा आणि दर महिन्याला बाकीच्यांना वही दाखवताना राग न येणारा बघा. तो कर्जात बुडालेला नसावा. खाती, विमे, लॉकर, देणी-घेणी यांची यादी दोघांना ठाऊक असू द्या.

आणि हा विषय ज्याचे पैसे आहेत त्यानेच काढावा. मुलाने काढला की “आत्तापासूनच डोळा आहे” असं बोललं जातं, म्हणून मुलं गप्प बसतात. वडिलांनी सगळ्यांना समोर बसवून, लेकी-सुनांसकट, कोण काय बघेल ते सांगितलं तर पुढे कोणाला संशय घ्यायला जागा उरत नाही.